खाऊ वाटायला जायचं का?

'विचारा की'मध्ये मागच्या महिन्यात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की परदेशात फिरायला गेल्यावर मुलांना तिथले अनाथाश्रम दाखवायला नेऊ नका. जागा संपली म्हणून कारण सांगायचं राहूनच गेलं. मग काय, एका वाक्यावर एवढी पत्रं या सदराला कधी आली नव्हती, पोस्टानं थोडी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर, त्यातली निम्मी रागावलेली. म्हणून पासपोर्टचे, विम्याचे, सिमकार्डचे सगळे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत, फक्त ह्याच विषयाचे घेतलेत.

मिरजेहून एक आई
ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही व्हिएतनाम-कंबोडिया करतोय. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ चा. दोघांनाही सगळं मागायच्या आधी मिळतं त्यामुळं कशाची किंमत नाही. सिएम रीपला एक अनाथाश्रम आहे, तिथला ड्रायव्हर तासाभरासाठी नेतो म्हणतोय, मुलं नाच करून दाखवतात, आपण खाऊ नि कपडे द्यायचे. जुन्या कपड्यांची एक बॅग पण भरून ठेवलीय. तुम्ही म्हणता नको. चांगल्या कामाला नको म्हणायचं कारण काय?

कारण मी स्वतः हे करून आलेय. दहाएक वर्षं झाली. सांगलीहून आम्ही सहा कुटुंबं गेलो होतो, सिएम रीपच्या टुकटुकवाल्यानं असंच सुचवलं, नि वाटेत एका दुकानापाशी थांबवून तांदळाचं पोतं घ्यायला लावलं, आश्रमासाठी. आमच्या ह्यांनी हौसेनं त्या पोत्यावर काळ्या मार्करनं मराठीत 'सांगली' लिहिलं. आश्रमात मुलं रांगेत उभी, नाच झाला, टाळ्या झाल्या, आणि मग एक चार-पाच वर्षांची पोरगी आली ती थेट माझ्या मुलीच्या गळ्यात. माझी तेव्हा अकराची. ती पोरगी सोडेचना, निघताना रडली, आमची पण रडली, आम्ही सगळ्या बायका "किती माया लावली गं" म्हणत फोटो काढत होतो. हॉटेलवर आल्यावर लक्षात आलं की सासूबाईंची शाल तिथंच राहिली, म्हणून संध्याकाळी मी नि मुलगी परत गेलो. दारात दुसरी व्हॅन उभी होती. तीच पोरगी दुसऱ्याच कुणा बाईच्या गळ्यात, अगदी तसाच हात टाकून. आणि येताना त्या दुकानात थप्पीवर सगळ्यात वर आमचं पोतं, 'सांगली' आमच्याकडे तोंड करून. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेत होते तर मुलगी म्हणाली, "आई, तिला रडायची ड्युटी होती का गं?"

आता कारण. पोल पोट या हुकूमशहाच्या काळात, म्हणजे १९७५ ते १९७९, कंबोडियात खरोखरच असंख्य मुलं पोरकी झाली, पण ती मुलं आज पन्नाशी-साठीत आलीत. आणि तरी २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले. युद्ध नाही, रोगराई नाही, मग वाढले कशानं? टुरिस्ट वाढले म्हणून. आश्रमातल्या दर चार मुलांतल्या तिघांचे आई किंवा वडील जिवंत आहेत असं पाहण्यांत निघालं. गावातल्या गरीब आईबापाला कुणीतरी सांगतं की पोराला शिकवतो, पोटभर जेवू घालतो, ते बिचारे भरवशानं पाठवतात आणि पोरगं शहरात, बरोबर टुरिस्ट जिथं उतरतात तिथं, 'अनाथ' होऊन नाचायला लागतं. पुढचं तर आणखी वाईट, मुलं धडधाकट, चांगल्या कपड्यांत दिसली तर कोण पैसे देणार, म्हणून ती जरा रोडकी, जरा फाटकीच राहिलेली बरी असा हिशोब होतो. म्हणजे आपण खाऊ नेतो आणि आपल्या खाऊमुळंच ते पोर घरापासून लांब राहतं. सगळे आश्रम असे असतात असं मी म्हणत नाहीये. पण ओळख ना पाळख, तरी जो आश्रम फाटकातून थेट मुलांपर्यंत नेतो ना, तोच शंकेचा, कारण जे मुलांची खरी काळजी घेतात ते परक्या माणसाला असं आत घेतच नाहीत. उद्या तुमच्या मुलाच्या मिरजेतल्या शाळेपुढं जर्मनीची बस उभी राहिली, नि चाळीस माणसं उतरून पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायला लागली, तर तुम्ही मुख्याध्यापकांना काय म्हणाल?

फ्रेंड्स-इंटरनॅशनल म्हणून तिथली जुनी संस्था आहे, तिनं युनिसेफच्या मदतीनं २०११ मध्ये मोहीमच काढली, मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत अशी. पोस्टरवर म्युझियममधल्यासारखी मुलं ठेवलेली आणि भोवती टुरिस्ट कॅमेरे घेऊन. मी ते पोस्टर आमच्या ट्रिपनंतर बघितलं. आधी बघितलं असतं तरी गेले असते की नाही, देव जाणे, तेव्हा आपण पुण्य करतोय याचीच नशा होती.

आणि आपल्याला तर हे कळायला कंबोडियाला जायची पण गरज नाही बघा. २०१९ चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत राज्यभरातून माणसं आली. त्यातल्या कितीतरी जणांनी गुडघाभर चिखल उपसला, त्यांचं ऋण आहेच. पण एक ग्रुप असा आला की शेजारच्या आजींच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, बॅनर धरायला लावला, फोटो नीट आला नाही म्हणून पुडा परत घेऊन परत दिला. आजींचं सगळं घर पाण्यात, त्या आयुष्यभर लोकांना जेवू घालणाऱ्या, त्या फोटोत खाली बघतायत. आणि जुने कपडे! शाळेच्या व्हरांड्यात डोंगर. त्यात एक जरीची शेरवानी निघाली, बटणं तुटलेली. आमच्याकडं चूल पेटवायला कोरडं लाकूड नाही आणि शेरवानी. घेणाऱ्याच्या बाजूला आपण उभे राहिलोय ताई, म्हणून तुमची ती बॅग आता उघडा. कंबोडियाची सगळ्यात मोठी निर्यात कुठली माहितीये? तयार कपडे. त्या बॅगेतल्या एखाद्या टीशर्टच्या कॉलरवर 'मेड इन कंबोडिया' निघालं तर मला कळवा.

मग मुलांना न्यायचं कुठं. सिएम रीपलाच अपोपो या सुरुंग शोधणाऱ्या संस्थेचं व्हिजिटर सेंटर आहे. तिथं उंदीर जुन्या लढायांत जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून शोधतात! टेनिस कोर्टाएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात तपासतो, माणसाला मेटल डिटेक्टर घेऊन त्याला चार दिवस लागू शकतात. उंदराचं वजन एवढं कमी की त्याच्या पायाखाली सुरुंग उडत नाही. मगावा नावाच्या उंदरानं शंभराच्या वर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले, त्याला २०२० मध्ये इंग्लंडच्या संस्थेनं शौर्याचं सोन्याचं पदक दिलं. २०२२ च्या जानेवारीत गेला बिचारा, रिटायर होऊन. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला ह्यातनं जे कळेल ते खाऊ वाटून नाही कळायचं, म्हणजे शेतात पाय टाकायची भीती कशी असते, ती कशानं आली आणि ती काढायला किती वर्षं लागतात.

संध्याकाळी फारे सर्कस बघा. प्राणी नाहीत, सगळी माणसंच. बातंबांग गावात १९९४ ला निर्वासित छावणीतून परत आलेल्या काही तरुणांनी ही शाळा काढली, छावणीत ते चित्रकला शिकले होते, तीच आपल्या पोरांना शिकवायची म्हणून. पुढं नाच, संगीत, सर्कस आलं. सिएम रीपला तिथले शिकून तयार झालेले कलाकार खेळ करतात, पगार घेतात. इथं पण नाच आहेच की, मग फरक काय असं तुमची मुलगी विचारेल. विचारलं पाहिजे तिनं. तुम्ही लगेच उत्तर देऊ नका, खेळ बघून झाल्यावर जेवताना तिलाच सांगू दे.

अजून एक, आणि हे आपल्या सांगली-मिरजकरांना जमण्यासारखं. सिएम रीपला अंगकोरच्या जुन्या देवळांच्या वाटेवर कांथा बोफा नावाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, गरीब मुलांवर फुकट उपचार. बीट रिचनर नावाच्या स्विस डॉक्टरनं उभं केलं, ते शनिवारी टुरिस्टांपुढं चेलो वाजवून पैसे गोळा करायचे, २०१८ ला वारले. तिथं टुरिस्टांना मागणी असते, रक्त द्या. डेंग्यूच्या दिवसांत तर फारच लागतं. आपल्याकडं गणपती असो नाहीतर कुणाची जयंती, रक्तदान शिबिराशिवाय मांडव उतरत नाही, तर तुमच्या ह्यांना तिथं झोपवा की एकदा टेबलावर. मुलं बाहेर बसून बघतील बाबांनी काय दिलं ते. अलीकडं कसली लस किंवा गोळ्या घेतल्या असतील तर आधी सांगायचं, एवढंच. आणि अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, त्यातले २ डॉलर ह्याच हॉस्पिटलांना जातात, हे पण मुलांना सांगा. ९ वर्षांच्या मुलाला तिकीट नाही, १२ च्या आतल्यांना फुकट, पण पासपोर्ट दाखवावा लागतो, हॉटेलवर विसरू नका.

साताऱ्याहून, सदाशिव पेठेतले एक गृहस्थ
आम्ही चौदा जण, लहान मुलं पाच, काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ. टूरवाल्याच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी 'शाळाभेट व वह्यावाटप' आहे. अनाथाश्रम नाही, शाळा आहे, मग हरकत नसावी ना? जायचं दिवाळीत आहे.

दिवाळीत ना? मग एक सोपा प्रश्न टूरवाल्याला विचारा, की दसैं-तिहारच्या सुट्टीत शाळा उघडी कशी. आपली दिवाळी तेव्हाच त्यांचं तिहार, त्याआधी दसैं, त्या दिवसांत नेपाळातल्या शाळा बंद असतात. तुमच्यासमोर युनिफॉर्म घालून जी मुलं बसतील ती सणाच्या दिवशी घरून बोलावलेली, नाहीतर शाळेची नसलेलीच. तुम्ही भाऊबीजेला तुमची पोरं पाठवाल का कुणाच्या वह्या घ्यायला?

नेपाळची गोष्ट कंबोडियासारखीच आहे, थोडी जास्त जुनी. तिथं १९९६ ते २००६ यादवी चालू असताना हुमलासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यातले आईबाप दलालाला पैसे द्यायचे, जमीन विकून, की पोराला काठमांडूला चांगल्या शाळेत घाल. दलाल पोरं आणून आश्रमात टाकायचे. म्हणून नेपाळचे बहुतेक अनाथाश्रम काठमांडू, ललितपूर, पोखरा, चितवन ह्याच पट्ट्यात, जिथं आपण फिरतो. दुर्गम भागात गरिबी जास्त नि आश्रम कमी, हे गणित तुमच्या चौदा जणांतल्या कुणालाही सुटेल.

तिसऱ्या दिवशी वह्यांऐवजी ललितपूरला जावळाखेलला जा, तिबेटी निर्वासितांचं गालिचे विणायचं केंद्र आहे, १९६० पासूनचं. लोकर कातण्यापासून गाठ मारण्यापर्यंत समोर बघता येतं, आणि तिथल्या आज्या विणता विणता आपसात एवढ्या गप्पा हाणतात की पाच पोरं तिथंच बसतील. मग कुपंडोलला महागुथीचं दुकान. तुलसी मेहर नावाचे गृहस्थ गांधीजींच्या आश्रमात राहून चरखा शिकून नेपाळला परत गेले, त्यांच्या कामातून ही संस्था उभी राहिली. मुलांना प्रत्येकी पाचशे रुपये द्या आणि सांगा की आजीसाठी काहीतरी घ्या, पण कुणी बनवलंय ते विचारून घ्या. घासाघीस करायची नाही. हे शेवटचं मुलांसाठी नाही, तुमच्या बरोबरच्या वहिनींसाठी लिहिलंय, कुठल्या वहिनी ते त्यांना कळेल.

कराडहून
तुमचं ते वाक्य वाचून वाईट वाटलं. आम्ही गेल्या वर्षी व्हिएतनामला होई आनला एका चहाच्या दुकानात गेलो, तिथं सगळ्या मुलींना ऐकू येत नाही. आमच्या मुलीला ते इतकं आवडलं की ती अजून बोलते. हे पण 'दाखवायला नेणं'च झालं की. तुमच्या हिशोबानं आम्ही चुकलो का?

अजिबात नाही, उलट मी तुमच्याकडून शिकले. ते रीचिंग आउटचं चहाघर ना, टेबलावर लाकडी ठोकळे असतात, 'पाणी', 'बर्फ', 'बिल', 'धन्यवाद' लिहिलेले, तो पुढं सरकवायचा. मी पण गेलेय. तिथं त्या मुली कामावर आहेत, मोठ्या आहेत, चहा विकतात, तुम्ही गिऱ्हाईक. त्या तुमच्या मुलीपेक्षा वरचढ, कारण न बोलता कसं राहायचं ते त्यांना येतं नि आपल्याला येत नाही. माझा नवरा तर पाचव्या मिनिटाला कुजबुजायला लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच बाईनं त्याच्याकडं असं बघितलं! माझ्या वाक्यात 'अनाथाश्रम' होतं, ते मी बदलत नाही. पण 'दाखवायला' हा शब्द तुम्ही बरोबर पकडलात.

सांगलीतल्या एक आजी, गावभागातून
मुलगी अमेरिकेत, जूनमध्ये दोन्ही नातवंडांना घेऊन येतीये. धाकट्याचा सातवा वाढदिवस इथंच आहे. तिचं म्हणणं बालगृहात करायचा, केक कापायचा, तिकडं मैत्रिणींनी पण पैसे जमवून दिलेत. तुम्ही लिहिता ते परदेशाचं झालं, आपल्या गावात काय हरकत?

काकू, तुमचा प्रश्न मी सगळ्यात वर घ्यायला हवा होता, कारण तुमच्या नातवंडांसाठी सांगली हेच परदेश की हो. मिरजेच्या ताई जे सिएम रीपला करणार होत्या ते तुमची मुलगी सांगलीत करतीये.

त्या बालगृहातल्या (आपण पूर्वी सगळ्यालाच रिमांड होम म्हणायचो, तसं म्हणू नये आता) सात वर्षांच्या पोराच्या जागी बसून बघा. दर रविवारी कुणातरी अनोळखी मुलाचा वाढदिवस. केक त्याचा, मेणबत्ती त्याची, आईबाप त्याचे, दोन्ही बाजूला उभे राहून भरवतायत. आपण टाळ्या वाजवायच्या. स्वतःचा वाढदिवस कित्येकांना माहीत पण नसतो. माझ्या ओळखीच्या एक बाई अशा ठिकाणी वीस वर्षं स्वयंपाक करायच्या, त्या म्हणायच्या पोरं केक खातात आणि रात्री भांडतात, दर वेळी.

म्हणून असं करा. अधीक्षकांना आधी फोन करा, त्यांना काय लागतं ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर केक नसतं, तेल असतं, सॅनिटरी पॅड असतात, चष्म्याचा खर्च असतो. त्या दिवशीचं जेवण नातवाच्या नावानं द्या, पण नातू तिथं नको. फोटो तर नकोच नको, आणि ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणं अशा मुलांची ओळख उघड होईल असं नाव, फोटो काही छापायला-पसरवायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलीचं इन्स्टाग्राम आवरा आधी.

पैशांचं पण नीट बघा. मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तिनं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'परदेशी' धरत नाहीत. पण तिनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर ती परदेशी देणगी, आणि मैत्रिणींनी जमवलेले तर बघायलाच नको. मग संस्थेकडं एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि ते पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खास खात्यातच यावे लागतात. रजिस्ट्रेशन नसताना संस्थेनं घेतले तर अडचणीत संस्था येते, तुमची मुलगी विमानात बसून गेलेली असते. तुमच्या पेन्शनीतून तुम्ही दिलं तर काहीच प्रश्न नाही.

आणि नातवंडांना काही दाखवायचंच असेल तर एक दिवस साताऱ्याला न्या, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतेत. १९२४ ला त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग काढलं, आणि पोरांना जेवायला काही नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट तुम्ही सांगा, मराठीत सांगा, अर्धी कळली तरी चालेल. येताना कंदी पेढे. केकपेक्षा सात वर्षांच्या पोराला ते जास्त लक्षात राहतील असं मला वाटतं, पण मी सातारकर माहेराची, माझं काय ऐकता.

विट्याहून, इयत्ता आठवी
मॅडम, आम्ही मागं थायलंडला हत्तीवर बसलो होतो, फोटो आहे. आता मे महिन्यात श्रीलंकेला जाणार. पप्पा म्हणतात तिथं हत्तीच्या पिल्लांचं अनाथालय आहे, दूध पाजता येतं. माणसांचं नको तर हत्तींचं चालतं का?

फार भारी प्रश्न विचारलास, मोठ्यांपैकी कुणाला सुचला नाही. श्रीलंकेत अशा दोन प्रसिद्ध जागा आहेत. एक पिन्नावाला, १९७५ पासूनची, सरकारी, तिथं गर्दी, हत्ती नदीवर आंघोळीला नेतात, पप्पा म्हणतायत ती बहुतेक हीच. दुसरी उडावलावेचं एलिफंट ट्रान्झिट होम, १९९५ पासूनचं. तिथं तुला हत्तीला हात लावता येणार नाही, दूध पाजता येणार नाही, कठड्यामागं लांब उभं राहून ठरलेल्या वेळेला त्यांना दूध पिताना बघायचं, बस. का माहितीये? त्यांना माणसाची सवय लागू द्यायची नाही, कारण ती पिल्लं मोठी झाली की परत जंगलात सोडतात, आजवर शंभराच्या वर सोडली. आता पप्पांना तू विचार की आपण कुठं जाऊया. हत्तीवर बसलास त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस, फोटो फाडू पण नको, तेव्हा तुला माहीत नव्हतं.

थोडक्यात
*इस्लामपूरहून: परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी, म्हणजे टॅक्समधली सवलत, मिळते का?* नाही. ८०जी आपल्याकडच्या नोंदणी असलेल्या संस्थांनाच, ती पण जुन्या टॅक्स पद्धतीत, आणि रोख दिलेत तर २,००० च्या वर धरत नाहीत. परदेशात द्यायचं ते वजावट विसरून द्यायचं. तिथंच त्यांच्या काउंटरवर कार्डनं दिलं तर पावती मागून घ्या, ड्रायव्हरच्या हातात देऊ नका.

*तासगावहून: दुबईला भावाकडं जातोय, तिथल्या कामगारांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणी काढावी म्हणतो.* थांबा! तिथं परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं हा गुन्हा आहे, ग्रुपवर मेसेज टाकणं पण त्यात आलं. मुलांना घेऊन जेबेल अलीच्या गुरुद्वारात जा, लंगरला बसा, नि नंतर सेवेला काही काम आहे का ते विचारा. तुमचे तासगावचे बेदाणे भावासाठी न्या.

*जतहून: लाओसला कुणी जातं का? तिथं मुलांसाठी असं काही?* जातात, कमी जातात. लुआंग प्राबांगला बिग ब्रदर माऊस म्हणून मुलांची पुस्तकं छापणारी मंडळी आहेत, तिथं गावातली तरुण पोरं इंग्रजी बोलायचा सराव करायला बसतात आणि टुरिस्टांनी नुसतं जाऊन गप्पा मारायच्या. इंग्रजीची भीती असलेल्या आपल्या पोरांना न्या, दोन्हीकडच्या पोरांचं इंग्रजी सारखंच तुटकं, त्यामुळं छान जमतं. रस्त्यावर पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटण्यापेक्षा तिथली पुस्तकं विकत घेऊन द्या, असंच ते सांगतात.

परत मिरजेहून, त्याच आईच्या फोनवरून
(पहिलं उत्तर त्यांना मी आधीच पाठवलं होतं. दोन दिवसांनी हा मेसेज आला, आईचा नाही.) काकू मी बोलतोय. उंदराला सुरुंग सापडल्यावर काय देतात? आणि आमच्या माळ्यावर एक आहे त्याला शिकवता येईल का? आई म्हणते बॅग रिकामी केली.

केळं आणि शेंगदाणे. तुझ्या माळ्यावरचा नाही चालणार रे, हे आफ्रिकेतले, घुशीएवढे मोठे, गालात पिशव्या असलेले उंदीर, टांझानियात जवळपास वर्षभर शिकतात तेव्हा कुठं कामावर जातात. पण शेंगदाणे तुझ्या माळ्यावरचा पण खाईल.